तांड्यावर काढलेल्या दोन काचा

पुसदकडचे डोंगर पाहायला मुद्दाम कोणी जात नाही. आमचे यवतमाळचे लोक तिकडे जातात ते कोर्टाच्या तारखेला, सोयरिकीला नाहीतर कापसाच्या कामाला, आणि परत आले की रस्त्याची धूळ आणि एसटीचा उशीर यापलीकडे काही सांगत नाहीत. मीही चाळिशी उलटेपर्यंत गेलो नव्हतो. गेल्या माघात गेलो, पाच दिवस राहून आलो, आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलो आहे. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एकदाचं लिहून काढा, म्हणजे घरातले तरी सुटतील." म्हणून लिहितो आहे.

मी फोटोग्राफर. आमचं घराणं कचेरीतलं. वडील जन्मभर रेकॉर्ड सांभाळत होते, दोन्ही भाऊ अजून फायलीच सांभाळतात. मी एकटा वाया गेलो, असं आमच्याकडे उघड बोलतात. कॉलेजात असताना मामांनी दिलेला डबा कॅमेरा सायकलला बांधून मी रानोमाळ हिंडायचो. बैलांच्या डोळ्यांचे, बाजारातल्या मिरच्यांच्या ढिगांचे, विहिरीच्या रहाटाचे फोटो काढायचो. कोणासाठी काढतो, हा प्रश्न कधी पडला नाही.

पुढे स्टुडिओ झाला, संसार झाला, आणि सायकल पोरानं नेली. गिऱ्हाईक येऊ लागलं ते लग्नाच्या मुलींचं. मुलीला बसवायचं, मागे कमळाच्या तळ्याचा पडदा सोडायचा, आणि खरं काम पुढे. फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, तिच्यात सगळं उलटं दिसतं. गोरा चेहरा काळा आणि चेहऱ्यावरचा डाग उजळ ठिपक्यासारखा. त्या ठिपक्यावर बारीक पेन्सिल फिरवली की कागदावरच्या फोटोतून डाग गेला. सावळी गोरी होते, बसकं नाक वर येतं. या कामात माझा हात बसला होता आणि वणीपासून उमरखेडपर्यंत माझं नाव झालं होतं. बायको चेष्टेनं म्हणायची, "तुम्ही फोटो काढता की भिंतीले चुना मारता?" मी हसायचो, पण मला ते लागायचं. कितीतरी वर्षांत मी स्वतःहून एक फोटो काढला नव्हता.

अशात एक दिवस रामधन गुरुजी आले. पुसद तालुक्यातल्या एका बंजारा तांड्याचे हे तरुण शिक्षक. तांड्यातून शिकून मास्तर झालेले ते पहिलेच. टोपी काढून बाकावर बसले आणि म्हणाले, "माह्या बहिणीचा फोटो काढायचा हाये, भाऊसाहेब. पन ती इकळे येत नाही. तुमालेच याव लागते."

त्यांच्या बहिणीसाठी, जमनीसाठी, अकोल्याकडे सर्व्हेच्या नोकरीत असलेल्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलाला फाल्गुनापर्यंत रजा नव्हती, म्हणून त्यानं फोटो मागितला होता. तांड्यात हे नवीनच. तिकडे सोयरीक तांड्याच्या नायकासमोर चार माणसांत बोलून ठरते. पण मुलगा शिकलेला, त्याला नाही कोण म्हणणार? अडचण पुढे होती. जमनीला लहानपणी देवी आल्या होत्या आणि चेहऱ्यावर वण राहिले होते. आधीची एक सोयरीक अंगणातच मोडली. लोक आले, चहा प्याले, पोरीकडे पाहिलं आणि उठले.

"तुमी ते वण काढता म्हंतात," गुरुजी म्हणाले. "हे स्थळ गेलं त दुसरं येनं मुश्कील हाये. माय रोज इचारते."

मी हो म्हटलं. असं हो मी रोजच म्हणत होतो.

पुसद

दारव्हा-दिग्रसवरून एसटी पुसदला पोचेपर्यंत माझ्या अंगावर रस्त्यातल्या सगळ्या गावांची माती बसली होती. पण खरा घोटाळा टपावर झाला. माझ्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याची तिपाई वर बांधली होती आणि दिग्रसला कोणी तिच्यावर सरकीचं पोतं टाकलं. पुसदला उतरवून पाहतो तो एक पाय मोडलेला. कंडक्टरला जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, "दोन त शाबूत हायेत न?"

बाजारात एक सुतार गाठला. म्हातारा, कानाला बिडी लावलेला. त्यानं तिपाई फिरवून पाहिली आणि विचारलं, "हे काय हाये?" मी सांगितलं, फोटोच्या पेटीचे पाय. तो म्हणाला, "मंग लाकूड कायले? बांबू लावतो. हलका राह्यते." त्यानं तासाभरात बांबूचा पाय बसवून दिला आणि तो मूळच्या पायांपेक्षा चांगला निघाला. अजून तोच आहे.

तोवर मी शेजारच्या खानावळीत ज्वारीची भाकर, झुणका आणि ठेचा खाल्ला. आमच्याकडे ठेचा तोंडी लावायला असतो, इथे तो भाजीसारखा वाढतात आणि पाहुणा किती खातो ते बघत बसतात. मी डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला. समोरून जिनिंगकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, गाड्यांच्या दांड्यांना कापूस अडकून वाऱ्यावर उडत होता. पूर्वीचा मी असतो तर पळतच गेलो असतो. छोटा कॅमेरा पिशवीत होता, पण मी उठलो नाही. उठावंसंच वाटलं नाही, याचंच मग दिवसभर वाईट वाटत राहिलं.

तांडा

उमरखेडच्या रस्त्यावर एका फाट्याला उतरलो. गुरुजी बैलगाडी घेऊन उभे होते. तिथून दोन कोस आत, डोंगराच्या कुशीत तांडा. वाटेत तुरीच्या काढणीचा वास येत होता आणि बोरींवर पोरं लटकली होती. गुरुजी सांगत होते, त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. आता सगळे इथेच शेती करतात, पण म्हाताऱ्यांना अजून एका जागी बसवत नाही.

घरापुढे त्यांची आई उभी होती. सकरी याडी. याडी म्हणजे आई, तांड्यातले सगळेच तिला तसं म्हणतात, दोन दिवसांत मीही म्हणू लागलो. अंगात आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, खाली घेरदार फेटिया, दंडापर्यंत बांगड्या. आमच्याकडे परका पुरुष आला तर बाया माजघरात जातात आणि दाराआडून चहा येतो. इथे याडीनं मला बाजेवर बसवलं, स्वतः समोर बसली आणि साक्षीदाराला विचारावं तसं विचारू लागली. लेकरं किती? बायको बरी हाये न? फोटो काढून पोट भरते? दुसरं काही काहून नाही करत?

"घरचे सगळे कचेरीत आहेत," मी म्हणालो. "मला हाच नाद होता."

"होता?" ती म्हणाली. "आता नाही काय?"

तेवढ्यात जेवण आलं म्हणून सुटलो. आपण भाकर म्हणतो तिला ते बाटी म्हणतात. आमच्या घरच्या भाकरीच्या दुप्पट जाड, खरपूस, वर तुरीची दाळ आणि अंबाडीची भाजी. मी तीन खाल्ल्या. याडीला माझ्याबद्दल पहिल्यांदा बरं मत झालं ते तेव्हा.

जमनी दिसली ती भिंतीशी बसून भरत भरताना. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. पाण्याच्या हंड्याखाली डोक्यावर घ्यायच्या कापडावर ती आरसे आणि कवड्या बसवत होती. मान वर केली, मला नीट पाहिलं आणि परत सुईकडे वळली. वण दाट होते. पण मला आधी दिसली ती तिची नजर, अगदी सरळ. हे मी तेव्हा मनातल्या मनात नोंदलं आणि विसरलो, कारण माझं लक्ष पेन्सिल किती लागेल याकडे होतं.

पहिली काच

दुसऱ्या दिवशी सकाळी जमनी बाहेर आली ती मला ओळखूच आली नाही. गुरुजींच्या बायकोचं गुळगुळीत पातळ नेसलेली, तोंडाला पावडर, अंगावर एक दागिना नाही. गुरुजींनी शहरातले फोटो पाहिले होते. फोटो म्हटला की असंच नेसायचं असतं अशी त्यांची समजूत. ती पातळात अशी अवघडली होती, जणू कोणी पोत्यात घातलं आहे. सावलीत खुर्ची ठेवली, म्हणजे वणांवर सावल्या पडणार नाहीत, आणि म्हणालो, "मान थोडी तिकडे. हनुवटी खाली. हसू नका."

"मी कुठी हासून राह्यली?" जमनी म्हणाली.

धान्याच्या खोलीत कणग्यांच्या मधे मी अंधार केला, कंदिलाला लाल कागद गुंडाळला आणि काच धुतली. माघाचा वारा होता, काच तासाभरात सुकली. मग दुपारी ओसरीवर बसून पेन्सिल काढली. तांड्यातली अर्धी माणसं माझ्याभोवती. एकेक वण बुजत गेला. उन्हात छापायचा कागद मी सोबत नेला होता. काच आणि कागद चौकटीत घालून अंगणात ठेवला. कागदावर हळूहळू चेहरा उमटला तेव्हा बाया एकमेकींवर रेलून पाहू लागल्या. चेहरा तुळतुळीत, लोण्यासारखा. गुरुजींचे डोळे भरून आले. "झालं काम," ते म्हणाले.

सकरी याडीनं फोटो हातात घेतला, पाहिला आणि उलटा केला. पाठीमागचा कोरा कागद तिनं अंगठ्यानं चाचपला.

"मांगून काहीच नाही," ती म्हणाली.

"याडी, फोटोले मांगून काही नसते," गुरुजी म्हणाले.

"मंग टाका खरा का खोटा, समजाव कसं?"

मला हे कळेना. तेव्हा तिनं जमनीचं अर्धवट कापड आणून माझ्या मांडीवर उलटं टाकलं. मागची बाजू पुढच्या इतकीच स्वच्छ होती. एक लोंबता धागा नाही, गाठ नाही. सासरी गेलेल्या पोरीचं भरत सासूबाया आधी उलटं करून पाहतात, असं तिनं सांगितलं. पुढून कोणीही सजवते. मागून पोरगी कशी आहे ते समजते.

फोटोला मागची बाजू नाही पण काचेला आहे, असं मी म्हणालो. कशाला म्हणालो कोण जाणे. थोडी फुशारकीच असेल. याडीनं हात पुढे केला. तिनं काच आभाळाकडे धरली, मग तिरपी केली, मग आणखी तिरपी. काच तिरपी धरली की पेन्सिलीचं काम चकाकतं. माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात एकाही गिऱ्हाइकानं ते पाहिलं नव्हतं. या बाईला सुईच्या टोकाएवढं बघायची जन्माची सवय. तिनं काचेवर बोट टेकवलं.

"हे टाके कोनं घातले?"

"मी."

"मांगाहून घातले तुमी. हे तिचे नाहीत." ती रागावली नव्हती. कापडातली चूक दाखवावी तसं सांगत होती. "तिकळे गेल्यावर ते हिले उलटून पाहातीन. मंग? तवा तुमी जासान काय तिकळे पेन्सिल घेऊन?"

मी मान खाली घातली. मला खरोखर लाज वाटली. रामधन गुरुजी मात्र भडकले. साऱ्यांचे फोटो असेच असतात, ही दुनियाच अशी आहे, एक सोयरीक गेली तेवढं पुरे नाही काय, असं ते आईला बोलत सुटले. आवाज चढला.

"दादा," जमनी म्हणाली, "मले इचारलं काय कोनं?"

आणि ती घरात निघून गेली. मला वाटलं रडायला गेली.

दुसरी काच

ती बाहेर आली तेव्हा अंगात तिची स्वतःची, स्वतः भरलेली कांचळी होती. लाल फेटिया, गळ्यात चांदी, तोंड धुतलेलं. ती खुर्चीकडे गेलीच नाही. रोज भरत भरते त्या दाराशी, भिंतीला टेकून, मांडीवर कापड घेऊन बसली. कलतं ऊन थेट एका गालावर आलं होतं.

मी घाबरून म्हणालो, "इथे नको. आरसे चमकतील, काच खराब होईल. आणि ऊन असं आडवं पडलं की..."

"वण दिसतीन," तिनंच पुरं केलं. "दिसू द्या. त्याले मले पाहाचं असन त पाहीन, नाही त राहीन तिकळेच. फसवून नेलेल्या घरी मी रोज कोनतं तोंड घेऊन उठू?"

गुरुजी काही बोलायला गेले, पण याडीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते थांबले.

मी काळ्या कापडात डोकं घातलं. मोठ्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, पाय वर, डोकं खाली. ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. जमनी उलटी बसली होती. तिच्या कांचळीतल्या आरशांनी ऊन सगळीकडे उडवलं होतं, दारावर, भिंतीवर, तिच्या हनुवटीखाली. गालावरचे वण एकेक स्पष्ट होते आणि त्यांच्या मधून ती माझ्याकडे बघत होती. मी तसाच कापडात उभा राहिलो. डोळे भरले आणि काच धूसर झाली, म्हणून आधी डोळे पुसले. किती वर्षांनी मला काही पाहून आनंद झाला होता. तो फोटो कोणी मागितला नसता तरी मी काढला असता.

"झोपले काय तुमी आत?" जमनीनं विचारलं.

तिचे ओठ हलले, हसू येण्याच्या बेतात होतं, तेव्हाच मी भिंगावरचं टोपण काढलं आणि दोन आकडे मोजले.

मग मी ती काच धुतली. आरशांभोवती खरंच उजेडाची कडी पडली होती. स्टुडिओत अशी काच मी फेकून दिली असती. इथे मी ती वाऱ्यावर धरून बसलो, कोंबडीचा पाय लागू नये म्हणून. रात्रीचं जेवण काय होतं ते आठवत नाही.

सकाळी फोटो छापला. पेन्सिल नाही. याडीनं आधी काच मागितली, तिरपी धरली, दोन्ही अंगांनी पाहिली आणि "हं" म्हणाली. एवढंच. पहिली काच मी विहिरीवर नेऊन तिच्यावरचा चित्राचा सगळा थर खरवडून काढला. गुरुजी शेजारी उभे होते. त्यांनी माझा हात धरला नाही.

भावानं आयत्या वेळी पहिला, तुळतुळीत फोटो पाठवू नये म्हणून जमनीनं हा फोटो गुरुजींच्या चिठ्ठीसकट एका कापडात घालून चारी बाजूंनी शिवून टाकला. गुरुजींनी ते पाहिलं आणि त्यांना हसूच आलं. "माह्यावर इस्वास नाही तुहा?" "फोटोवर हाये," ती म्हणाली. त्या शिवलेल्या कापडावर गुरुजींनी स्वतः पत्ता लिहिला आणि पुसदला माझ्यासमोर पोस्टात दिला. त्यांचा चेहरा मात्र पडलेलाच होता. "मोडलं त मायले मलेच सांगाव लागन," ते एसटी स्टँडवर म्हणाले. मलाही भीती वाटत होती.

परतीला

मी त्या दिवशीची गाडी सोडली. मुद्दाम नाही, सुताराचा फोटो काढत बसलो आणि गाडी निघून गेली. मग पूस नदीवर गेलो, धुणाऱ्या बायांनी हाकलून दिलं. जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या अजून येत होत्या. एका गाडीवानाला म्हटलं, थांबा जरा. तो म्हणाला, "कायले? कापसाचा कोनी फोटो काढते काय?" पण थांबला, आणि वर बैलांनाही सरळ उभं केलं. पिशवीतल्या सगळ्या फिल्म संपल्या. यवतमाळला उतरलो तेव्हा बायकोनं मला पाहून आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "काय झालं तुम्हाले? चेहरा वेगळाच दिसते."

त्यानंतर महिना गेला. गुरुजींचं पत्र नाही. रोज टपालवाल्याकडे पाहायचो. एखाद्या पोरीच्या जन्माचा प्रश्न, आणि मी माझ्या आनंदापायी तर तिला भरीला घातलं नाही ना, असंही वाटायचं. स्टुडिओत नेहमीची गिऱ्हाइकं येत होती. मी पेन्सिल लावत नाही म्हटल्यावर दोघं-तिघं उठूनही गेली.

होळीच्या आधी एक दुपार. एक तरुण आत आला, हातात सामानाची पिशवी, बुटांवर प्रवासाची धूळ. डावा डोळा चांगलाच तिरळा. बाकावर न बसता उभ्यानंच म्हणाला, "मी हरिसिंग. अकोल्याकडून आलो. सर्व्हेत हाओ. तुमचा पत्ता गुरुजीनं चिठ्ठीत लेहला होता."

मी बसा म्हटलं. तो बसला नाही.

"उद्या तांड्यावर जाऊन राह्यलो," तो म्हणाला. "पन त्याच्या आंधी माहा एक फोटो काढून पाहिजे. आजवर साऱ्या फोटोवाल्याईनं मले आडवं बसोलं, हा डोया दिसू नाही म्हनून. तिनं माह्याकळे सरळ पाह्यलं. आता मले समोरून काढा."

मी कमळाच्या तळ्याचा पडदा वर गुंडाळला आणि खुर्ची दारातल्या उजेडात ओढली. तो बसला, टोपी मांडीवर ठेवली, आणि मी काही सांगायच्या आत त्यानं मान सरळ केली.